राजमान्य राजश्री शेकरू यांस

डोंबिवलीत राहत होतो तोवर मला सगळे वन्यप्राणी आवडायचे. न आवडायला काही कारणच नव्हतं. चौथा मजला, खिडक्यांना जाळी आणि प्राणी सगळे टीव्हीत. वाघाने हरिण पकडलं की मी हरणासाठी हळहळायचो, निसटलं तर वाघाच्या उपाशी पिल्लांसाठी. दोन्ही बाजूंनी माझं दमडीचंही नुकसान नव्हतं. प्रत्यक्षातली ओळख म्हणाल तर ती कबुतरांशी; पण कबुतराला वन्यप्राणी कोण म्हणणार? सोसायटीतली ती सगळ्यांत जुनी बिऱ्हाडं, मेंटेनन्स न भरणारी.

निवृत्त झालो आणि कुडाळपासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या अंगाला एक जुनं घर घेतलं. जांभ्याच्या चिऱ्यांचं, कौलारू, पुढे खळं, मागे परसू. भोवती माड, थोड्या पोफळी, आंब्याची चार कलमं, एक फणस आणि विहिरीजवळ लिंबू. शहर सोडून निघालेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात: ‘तिथे नेट आहे का?’ आणि ‘बिबट्या येतो का?’ पहिल्याचं उत्तर होतं, ‘कधीकधी.’ दुसऱ्याचंही तेच.

सामानात दुर्बीण होती. सालिम अलींचं पक्ष्यांवरचं पुस्तक होतं, मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ होता, आणि थोरोच्या ‘वॉल्डन’चा दुर्गाबाई भागवतांनी केलेला अनुवाद, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’, हाही होता. शिवाय निरीक्षणं टिपायला दोनशे पानी वही. माझी सगळी नोकरी एका विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. ‘साहेब, नुकसान झालंय हो,’ म्हणणाऱ्या माणसाकडे संशयाने बघण्याचा मला पगार मिळायचा. आता उरलेलं आयुष्य नुकसान हा शब्द कानावर न पडता काढायचं, पाखरं बघायची आणि पेज प्यायची, असा बेत होता.

सुरुवातीचे महिने खरंच तसे गेले. वहीची पहिली पानं आज चाळली तरी मन प्रसन्न होतं. ‘सकाळ. उंबरावर ककणेरांची जोडी. चोचीवर शिरस्त्राण. उडताना पंखांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.’ ककणेराचा संसार तर पुस्तकात वाचूनही खरा वाटत नाही. विणीच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर काढता येईल एवढी फट तेवढी ठेवते. मग आठवडेच्या आठवडे नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवत राहतो. हे मी बायकोला सविस्तर सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “म्हणजे घराबाहेर पडायचं नाही, स्वयंपाक करायचा नाही आणि नवऱ्याने दिवसभर बाजारहाट करायचा. त्या बाईला बंदिवासात आहे कोण म्हणतं?”

शेजारच्या तात्यांना मी तीच जोडी दुर्बिणीतून दाखवायला गेलो. तात्या सत्तरीचे. कमरेला कोयता, अंगावर बनियन. त्यांनी दुर्बीण हातात घेतली, उलटसुलट बघितली, डोळ्याला काही लावली नाही.

“काय खाता तां?” त्यांनी विचारलं.

“उंबरं, वडाची फळं.”

“आपला काय खाणा नाय मां? मगे जावंदे.”

आणि दुर्बीण परत दिली. एवढा देखणा पक्षी, पण तात्यांच्या लेखी त्याची फाइल तिथेच बंद झाली.

तात्यांचं प्राणिशास्त्र मला हळूहळू उमगत गेलं. पुस्तकांत सस्तन, सरपटणारे, पक्षी असे वर्ग असतात. तात्यांकडे ते पिकांवरून पडलेले आहेत. नारळ खाणारे, आंबा-काजू खाणारे, भात खाणारे, सुरण-कणगर उकरणारे. यांतल्या कशालाच तोंड न लावणारे ते ‘असले कितीसे’. आणि एक छोटासा मानाचा वर्ग, खाणाऱ्यांना खाणाऱ्यांचा. धामण त्या वर्गातली. आमच्या गडग्यात एक राहते. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी थेट पडवीत उडी घेतली होती, आणि तात्या तिच्याकडे आपल्या पोराकडे बघावं तसे कौतुकाने बघत उभे होते. धामण उंदीर खाते, उंदीर नारळ खातो. एवढ्या दोन ओळींत त्यांचं निसर्गाच्या समतोलाचं व्याख्यान संपलं. विषारी सापांची गोष्ट अर्थात वेगळी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, यांच्या विषावर जी लस मिळते ती चौघांना मिळून एकच असते, हे मी पुस्तकात वाचून तात्यांना सांगितलं. त्यांतलं फुरसं आमच्याकडच्या कातळावर अगदी घरचं. तात्या म्हणाले, लस कुडाळला असते आणि फुरसं इथे असतं, तेव्हा रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यावी. एवढा मुद्देसूद सल्ला मला पुस्तकात मिळाला नव्हता.

एकदा माडाखाली एक अडसर, म्हणजे शहाळं, पडलेलं सापडलं. देठाजवळ भोक, आत पाणी नाही, मलई नाही, नुसती करवंटी. मी ते टाकून देणार, तेवढ्यात तात्यांनी मागून घेतलं. खळ्यावर बसून त्यांनी त्याची जी तपासणी केली, ती बघून माझ्यातला जुना अधिकारी उठून उभा राहिला. आधी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग वास घेतला. मग देठ उलटा करून उजेडात धरला.

“ह्या काम वांदराचा नाय,” तात्या म्हणाले. “वांदर पिळून तोडता, चावता आणि टाकता. असा भोक पाडीत बसणा नाय.”

“मग उंदीर?”

“उंदराचा भोक बारीक. ह्यो मोठो कारागीर. शेकरो.”

आमच्या कंपनीत सर्व्हेअर येत, फोटो काढत, तीन पानी अहवाल देत आणि शेवटी ‘कारण निश्चित सांगता येत नाही’ असं लिहून फीचं बिल लावत. तात्यांनी एका अंगठ्यावर आरोपी निश्चित केला होता. मला खरोखर हेवा वाटला. तरी त्या दिवशी मी वहीत मोठ्या आनंदाने लिहिलं: ‘परिसरात शेकरू असल्याचा पुरावा मिळाला!’ उद्गारचिन्हासकट. नारळ पडला होता तो माझ्या माडाचा, हे लिहायचं सुचलंही नाही. माड तेव्हा नुसते आयते मिळालेले होते. त्यांना आळी करणं, शेणखत घालणं, पाडप्याच्या मागे लागणं, यांतलं काहीच मी अजून केलेलं नव्हतं.

मिरगाचा पाऊस आला आणि मी लावणीला लागलो.

पहिल्या मोठ्या सरीनंतरच्या रात्री काय होतं ते आधी सांगतो. शहरातली माणसं गावच्या शांततेबद्दल फार हळवी असतात. त्यांनी जूनमधल्या पहिल्या पावसानंतर आमच्याकडे एक रात्र झोपून दाखवावं. विहिरीपलीकडच्या मळ्यात पाणी साचतं आणि जमिनीखालून मोठे बेडूक वर येतात. एरवी मातकट-हिरवे असणारे नर त्या दिवसांत हळद लागल्यासारखे पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतात आणि पहाटेपर्यंत लग्न लावतात. डोंबिवलीच्या घरामागे रेल्वेलाइन होती. पण रेल्वे रात्री एक ते चार या वेळेत तरी गप्प बसायची.

त्यात माळ्यावर उदमांजर. हा प्राणी दिवसा दिसत नाही आणि रात्री ऐकू आल्याशिवाय राहत नाही. आधी छपरावर धप्प, मग कौलांवरून निवांत चाल, मग एक कौल सरकल्याचा आवाज, मग माळ्यावर काहीतरी ओढत नेल्याचा. पिकलेली फळं हा त्याचा आहार, आणि माडीचं मडकं झाडाला लावलेलं असेल तर तेही रिकामं करतं. इंग्रजीत त्याला ‘टॉडी कॅट’ म्हणतात ते उगाच नाही. सकाळी पडवीत त्याने टाकलेल्या बिया असतात. इंडोनेशियात याच कुळातल्या प्राण्याच्या विष्ठेतून कॉफीच्या बिया वेचतात, धुतात, भाजतात आणि ‘कोपी लुवाक’ म्हणून जगातल्या अत्यंत महागड्या कॉफीत विकतात. हे ऐकून बायकोने खराटा माझ्या हातात दिला आणि सांगितलं की पडवीतली सगळी दौलत आजपासून तुमची.

तर लावणी. परसात मिरची, वांगी, भेंडी. गडग्याकडेला सुरण. लिंबाला नवं आळं, माडांना खत, कलमांची छाटणी. पाठ मोडून आली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी रोपं मोजायला जायचो. मोजणं हा माझ्या हाडाचा धर्म.

आणि एका सकाळी मिरच्या निम्म्या निघाल्या.

त्यानंतरच्या काही महिन्यांत माझ्या बागेतून जे जे गेलं, ते कोणी नेलं याचा हिशेब तात्यांच्या मदतीने मी लावला, आणि एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. माझी बाग खाणाऱ्यांत एकही ऐरागैरा नव्हता. सगळे पदाधिकारी.

मिरची खाल्ली मोराने. 1963 सालापासूनचा भारताचा राष्ट्रीय पक्षी. दोन लांडोरींसह आला होता, म्हणजे दौराच म्हणायचा. मोर नाचतो हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. तो रोपं उपटतो, कोवळे शेंडे खुडतो आणि उरलेल्या वाफ्यात धुळीची आंघोळ करतो, हे कुठल्याही इयत्तेत शिकवत नाहीत. त्याला हुसकावताना आपण कुणावर हात उगारतोय याची जाणीव असल्याने माझा आवाजच फुटेना. “अहो, अहो,” असं मी म्हणत होतो. तात्यांनी गडग्यापलीकडून एक सणसणीत शिवी घातली, ती राष्ट्रीय पक्ष्याला बरोबर समजली.

लिंबाचं प्रकरण आणखी नाजूक. पानांवर पाखरांची शीट पडल्यासारखे डाग दिसू लागले. मी पुसायला गेलो तर डाग चालू लागला. अळी होती. थोडी मोठी झाल्यावर ती हिरवी झाली, आणि काडीने ढोसली तर डोक्यामागून दोन टोकांचं तांबडं शिंग बाहेर काढून असा काही दर्प सोडला की मीच मागे सरलो. पुस्तकात बघितलं. ब्लू मॉरमॉन, राणी पाकोळी. मखमली काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेलं हे फुलपाखरू 2015 साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. स्वतःचं राज्य फुलपाखरू असलेलं देशातलं पहिलं राज्य आपलं. अभिमानाची गोष्ट आहे. मात्र त्या अभिमानाची लेकरं लिंबू, पपनस, बेल अशाच झाडांच्या पानांवर वाढतात, आणि वाढतात म्हणजे पान संपेपर्यंत वाढतात. अभिमान सगळ्या राज्याचा आणि पोषण आहार एकट्या माझ्या लिंबावर.

कलमं राज्यवृक्षाची. आंबा हा महाराष्ट्राचा राज्यवृक्ष, तेव्हा त्याला तरी कुणी मानाने वागवील असं वाटलं होतं. तिथे वानरं आली. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, प्रत्यक्ष मारुतीरायाची माणसं. त्यांचं पद तर सरकारच्याही वरचं. कैरी तोडायची, एक चावा घ्यायचा, आंबट लागली की टाकायची आणि पुढची तोडायची. पुढचीही त्याच झाडाची आहे आणि तीही आंबटच असणार, एवढा साधा तर्क त्यांना सुचत नाही. किंवा सुचतो आणि पर्वा नसते.

वानरांशी माझा बौद्धिक परिचय जुना. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ मी लोकलमध्ये उभ्याने वाचून काढलं होतं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो रास्तच. टोळीत एक हुप्प्या, बाकी माद्या आणि पोरं. बाहेरचा दुसरा हुप्प्या चाल करून येतो, जुन्याला हाकलतो आणि पुष्कळदा त्याची तान्ही पिल्लं मारतो, हे वानरांच्या अभ्यासकांनीही नोंदवून ठेवलेलं आहे. वाचताना अंगावर काटा आला होता. आमच्याकडे ते नाट्य घडलं माझ्या छपरावर, मृगाच्या तोंडावर, शाकारणी नुकतीच झालेली असताना. दोन हुप्पे मंगलोरी कौलांवरून एकमेकांमागे धावत होते आणि माद्या फणसावर बसून कुणाची सरशी होते ते बघत होत्या. मी खाली उभा राहून ओरडत होतो, पण दोन्ही पक्षांनी मला अनुल्लेखाने मारलं. पुस्तकात सत्ता बदलली की प्रकरण संपतं. माझ्याकडे त्यानंतर कौलं बदलावी लागली.

आणि नारळ? नारळावर साक्षात राज्यप्राणी. शेकरू. तांबूस-तपकिरी पाठ, पोट पिवळसर, शेपटीचा झुपका अंगापेक्षा लांब. त्याच्यासाठी भीमाशंकरचं अभयारण्य राखलेलं आहे. पण सगळीच शेकरं काही अभयारण्यात बदली मागत नाहीत. ते असतं उंदीर-साळिंदराच्याच गोतातलं, कृंतक वर्गातलं. या सगळ्या मंडळींचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सतत काहीतरी कुरतडावं लागतं. म्हणजे भूक नसली तरी नारळ जाणारच. आपल्या नारळावर त्यांची दंतचिकित्सा चाललेली असते. साळिंदराने सुरण उकरला त्याबद्दल मी काही बोलत नाही. त्याला कसलं पद नाही, तो बिचारा रात्री चोरून येतो, येताना काटे वाजतात त्याची त्यालाच लाज वाटत असावी.

बायकोला मी ही सगळी यादी वाचून दाखवली. राज्यपक्षी हरियाल वडाची फळं खातो, त्याची तक्रार नाही. राज्यफूल ताम्हण कुणाला खात नाही आणि त्याला कुणी खात नाही. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “आणि पापलेट?” खरंच की. 2023 साली सिल्व्हर पापलेटाला राज्यमासा केलं. या अख्ख्या मानकऱ्यांत तो एकटाच असा, जो आपलं काही खात नाही आणि उलट आपण त्याला खातो. त्या दिवशी बाजाराचा वार होता. हिशेब थोडाफार चुकता केला.

वहीतली नोंदणी या सुमारास कधी पालटली ते माझं मलाच कळलं नाही. पानं मागेपुढे करून बघितली तर फरक दिसतो. आधी: ‘पहाटे शीळ ऐकू आली. नवरंग आला असावा. पावसाच्या आधी कोकणात विणीला येतो. नऊ रंग मोजण्याचा प्रयत्न करणार.’ नंतर: ‘मोर. मिरची 13, वांगी 4. शेजारी काहीच नुकसान नाही (?).’ त्या कंसातल्या प्रश्नचिन्हावर माझा जीव होता. तात्यांच्या परसात सगळं शाबूत का, याची मी गुप्त चौकशीही केली. कारण साधं होतं. तात्या पहाटे पाचला उठून परसात जात. मी त्या वेळी नवरंगाची शीळ ऐकत अंथरुणात असे.

या दिवसांत थोरोने मला फार धीर दिला. 1845 साली तो वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहायला गेला आणि 1847 पर्यंत राहिला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. निसर्गाशी एकरूप होण्याचा विषय निघाला की त्याचं नाव निघतंच. त्याने तिथे घेवड्याची शेती केली होती, हे मात्र लोक पटकन विसरतात. आणि त्या शेतात वुडचक नावाचा, आपल्या घुशीपेक्षा बराच मोठा, बिळात राहणारा प्राणी यायचा व घेवडा खायचा. त्याचं थोरोने काय केलं? मारला आणि खाल्ला. स्वतःच लिहून ठेवलंय त्याने. एवढा मोठा तत्त्वचिंतक, पण घेवडा स्वतः पेरलेला होता! मी तो भाग बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, “वांदर खायचा विचार असेल तर भांडी वेगळी आणा.”

सालिम अलींचं तसं नाही. जर्मनीत पक्षिशास्त्राचे धडे घेऊन ते परतले तेव्हा मुंबईच्या म्युझियममधली नोकरी उरलेली नव्हती. 1930 साली ते पत्नीबरोबर किहीमला येऊन राहिले आणि तिथल्या सुगरणींच्या घरट्यांसमोर ठाण मांडून बसले. त्यातून जे हाती आलं ते पुढच्या वर्षी छापून आलं आणि पक्षिअभ्यासकांत त्यांचं नाव झालं. नाव सुगरण, पण विणतो तो नर. घरटं अर्धं झालं की मादी पाहायला येते, आत शिरून तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते. मग हा गडी उरलेलं काम पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की लगोलग दुसरं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी. पूर्ण बांधकामाआधी साइट बघून जाण्याची ही पद्धत डोंबिवलीत बुकिंग करताना आम्हाला कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

आमच्याही विहिरीवर वाकलेल्या माडाला सुगरणींची घरटी लटकलेली आहेत. सालिम अलींचा हा सगळा शोध मी तात्यांना रंगवून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतला. मग विचारलं, “त्येंचो भात होतो काय थंय?”

“कुणाचा?”

“त्या सायबांचो.”

सालिम अलींनी किहीमला भात लावल्याचं माझ्या वाचनात नाही, असं मी सांगितलं. तात्यांनी मान डोलावली. सुगरण भाताच्या लोंब्या ओरबाडते. ज्याचा भात नाही त्याला तिच्या दोन बायका मोजायला सवड असायचीच.

गव्याबद्दल मात्र आमचं दोघांचं एकमत आहे. एका पहाटे दार उघडलं तर खळ्यात अंधाराचा एक तुकडा शिल्लक राहिलेला. मग त्याला पांढरे मोजे घातलेले चार पाय दिसले. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो, असं पुस्तकात आहे. पुस्तकातला आकडा आणि खळ्यातला आकडा यांत फरक असतो. मी दार लावून घेतलं. आतून कडी घातली आणि तिचा काही उपयोग नाही हे माहीत असूनही वरचा अडसरही सरकवला. त्याने माझ्या केळी खाल्ल्या, अळूचा चेंदा केला आणि उजाडल्यावर सावकाश निघून गेला. तात्या म्हणाले, त्येका फक्त वाट दिवची, बाकी काय करूचा नाय. तेवढ्यावर भागतं म्हणून आम्ही सुखी. दोडामार्गच्या लोकांकडे 2002 साली कर्नाटकातून हत्ती उतरले, आणि तिकडच्या माड-केळींच्या बागांची जी दशा झाली ती ऐकल्यावर आम्हाला आमचा गवा अगदीच सौम्य प्रकृतीचा वाटतो.

मध्ये ठाण्याहून पुतण्या आला. नोकरी कॉम्प्युटरवर, जीव जंगलात. हातभर लांबीची लेन्स, ठिपक्याठिपक्यांचे कपडे, आवाज कुजबुजता. आल्या आल्या त्याने विचारलं, “काका, इथे काय काय आहे?” मी म्हणालो, “नारळाला शेकरू, आंब्याला वानर, मिरचीला मोर, सुरणाला साळिंदर, केळीला गवा.” त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. मग म्हणाला, “नाही, म्हणजे असं... बघण्यासारखं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्याजवळच्या माडावर शेकरू आलं. ऐन झावळ्यांत, उन्हात, दोन्ही हातांत अडसर धरून. पुतण्या खळ्यात पालथा झोपला. मी पडवीतून पत्र्याचा डबा आणि सांडशी घेऊन धावत आलो.

“काका, आवाज नको! प्लीज!”

“अरे, अडसर खातंय ते!”

“तेच तर पाहिजे!”

दोघांची अशी कुजबुजती झटापट चालली होती. एका बाजूला राज्यप्राण्याची जन्मात एकदा मिळणारी छबी, दुसऱ्या बाजूला चालू भावाचा नारळ. मी डबा बडवला. शेकरू दचकलं, अडसर खाली टाकलं आणि एका माडावरून थेट दुसऱ्या माडावर झेपावलं. पुतण्याच्या कॅमेऱ्याचा कडकडाट झाला.

फोटो असा काही आला की विचारू नका. हवेत ताणलेलं अंग, शेपटीचा फुलोरा, केस न् केस मोजून घ्यावा, आणि खालच्या कोपऱ्यात पडता पडता थबकलेलं ते अडसर. पुतण्याने त्याच्या मंडळींना पाठवला तर दिवसभर वाहवा चालली होती. प्राण्याला जराही त्रास न देता असा क्षण टिपल्याबद्दल कुणीतरी त्याचं खास अभिनंदनही केलं. मला मात्र त्या फोटोत तो कोपराच दिसत होता. मी पुतण्याला म्हटलंही, “अडसर तेवढं मोठं करून दे, वहीत चिकटवतो. पुरावा राहील.”

संध्याकाळी तात्या आले. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, शेकरावरून नजर उचलून मागच्या झावळ्यांवर नेली, तिथून खोडावर, खोडाच्या वाकावर. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा चेहरा पडला.

“ह्यो माड तुमचो नाय, भाऊनू,” तात्या म्हणाले. “गडग्याच्या पलीकडलो. माझो.”

मी लॅपटॉप जवळ ओढून फोटो पुन्हा नीट बघितला. काय सांगू, शेकरू खरोखर फार देखणं जनावर आहे.